चोवीस नंबरात कोण येतं

ऑक्टोबरातल्या त्या दुपारी समुद्रावरून धुकं इतकं दाट चढून आलं की क्लिफर्ड स्टॉबर्टला आपलं जन्मघर दारावरचा चोवीसचा आकडा चाचपून ओळखावं लागलं. सातवी गल्ली. कोळशाच्या खाणीच्या मालकांनी गल्ल्यांना नावं द्यायचीही तसदी घेतली नव्हती. पहिली, दुसरी, तिसरी अशा नुसत्या मोजून टाकल्या होत्या. खाण होती तेव्हा सातवीतल्या चाळीसच्या चाळीस धुराड्यांतून धूर निघायचा. आता अकरा घरांत माणसं होती आणि बाकीच्यांच्या खिडक्यांवर पत्रे ठोकलेले. वारा नसतानाही त्यातला एखादा पत्रा मधूनच वाजायचा.

दार उघडं होतं. क्लिफर्ड उंबऱ्याशीच थबकला. मग आतून नॉर्माचा खोकला ऐकू आला तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला.

"पाहुण्यासारखा दारात काय उभा राहिलायस?" नॉर्मा ओरडली. "ये आत. तुझ्याचसाठी खोळंबलोय सगळे."

त्याची थोरली बहीण स्वयंपाकघरात, आईच्या खुर्चीवर, कोट-टोपी घालून बसली होती. वय बहात्तर, गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. पुढ्यात तिने घरून आणलेला चहाचा फ्लास्क आणि कागदी पेले. क्लिफर्डची मुलगी लिंडसे खिडकीशी उभी होती. आत्याला गाडीतून तिनेच आणलं होतं. आणि गळ्यात ओळखपत्र, हातात टॉर्च घेऊन भिंतीची ओल तपासत होती ती जनीन हेडली. कौन्सिलात, म्हणजे तिथल्या पालिकेत, तिचं कामच ते होतं, रिकाम्या घरांच्या मागे लागायचं. दोन वर्षांत तिने सात पत्रं पाठवली होती. क्लिफर्डने एकाही पत्राला उत्तर दिलं नव्हतं.

"भुतं घालवायला आलीय ही," नॉर्मा म्हणाली.

"भुतं राहिली तरी माझी हरकत नाही," जनीन हसून म्हणाली. "फक्त त्यांची नावं कौन्सिलच्या यादीत हवीत."

लिंडसे हसली. क्लिफर्डला हसू आलं नाही. त्याची नजर टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे जाऊ पाहत होती आणि तो ती जाऊ देत नव्हता. तिथे एक कप होता. निळ्या काठाचा, बशीवर ठेवलेला, शेजारी पावाची वाळून दगड झालेली कड. जुलैपासून तो तिथेच होता.

जनीनने टॉर्च बंद केला आणि खुर्ची ओढली. "मिस्टर स्टॉबर्ट, मी तुम्हाला घाबरवायला आलेले नाही. छप्पर गळतंय, वायरिंग जुनं आहे, पण भिंती पक्क्या आहेत. दुरुस्तीला कौन्सिल बिनव्याजी कर्ज देईल. मग पाच वर्षं घर आम्ही भाड्याने घेऊ, घरासाठी थांबलेल्यांच्या यादीतल्या एखाद्या कुटुंबाला राहायला देऊ, भाड्यातून कर्ज फिटेल. पाच वर्षांनी घर तुमचं तुम्हाला परत. पाचव्या गल्लीतलं नऊ नंबर आठवतंय?"

"पोपटवाल्या म्हातारीचं?" नॉर्माने विचारलं.

"तेच. सहा वर्षं बंद होतं, आत कबुतरं राहायची. आता तिथे पडदे लागलेत, दाराशी मुलांच्या सायकली असतात. एक घर जागं झालं की शेजारचे लोकही घरं विकायची घाई करत नाहीत. इथेही तसंच होईल. अडचण एकच आहे."

अडचण सगळ्यांना ठाऊक होती. आईने मृत्युपत्रात घर तिन्ही मुलांना सारखं वाटून दिलं होतं: नॉर्मा, क्लिफर्ड आणि कॉलिन. आणि धाकटा कॉलिन चौऱ्याऐंशी सालच्या नोव्हेंबरात, वयाच्या तेविसाव्या वर्षी, मागच्या दाराने बाहेर पडला तो पुन्हा कुणाला दिसला नव्हता.

"मी माझ्या परीने शोधलं," जनीन म्हणाली. "मतदारयाद्या, जुने पत्ते, माणसं शोधणारी एजन्सी. कुठेही नाव नाही. सात वर्षांत माणसाची काहीच खबर नसेल तर घरच्यांना कोर्टात अर्ज करता येतो. कोर्ट त्याला मयत मानतं आणि मग बाकीच्यांना सही करता येते. फॉर्म आणलाय मी. भरायला मदतही करेन."

"आणि नाही केला तर?" क्लिफर्डने विचारलं. इतक्या वेळात तो पहिल्यांदाच बोलत होता.

"तर आम्हीच अर्ज करून घराचा ताबा मागू. मालकी तुमचीच राहील, पण चावी आमच्याकडे येईल. मला ते आवडत नाही. पण या गल्लीत आणखी एक हिवाळा पत्रे ठोकून काढणंही मला आवडत नाही."

"बाबा, सही कर ना," लिंडसे म्हणाली. "चाळीस वर्षं झाली."

"तो मेलेला नाही."

"तुला कसं माहीत?"

क्लिफर्डने तोंडात मिठाची गुळणी धरली. घरात ही त्याची ख्यातीच होती. बायको गेली त्या आठवड्यातही तो सगळी मिळून वीसेक वाक्यं बोलला असेल. त्याने मदतीसाठी बहिणीकडे पाहिलं. नॉर्मा त्याच्याच बाजूने बोलेल याची त्याला खात्री होती. दर जुलैत फोन करणारी तीच तर होती.

नॉर्मा फ्लास्कचं झाकण फिरवत म्हणाली, "कर सही, क्लिफ."

त्याला आपल्या कानांवर विश्वास बसेना.

*

खाणवाल्यांचा मोठा मेळा दर जुलैत भरतो. गावागावांची माणसं आपापल्या खाणीचा झेंडा आणि बँड घेऊन डरहॅम शहरात जातात, आणि त्या शनिवारी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. कॉलिन गेला त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे पंच्याऐंशीच्या मेळ्याला, आई बायकांच्या बसने सकाळी लवकर निघाली. तिचं खाणं सुटलं होतं. आठ महिन्यांत ती हसली नव्हती. झेंडा उचलायला युनियनच्या हॉलवर जाण्याआधी क्लिफर्ड पाच मिनिटं या घरात आला. त्याने एका कपात चहा केला, अर्धा मोरीत ओतला, पावाचा एक तुकडा खाऊन कड तेवढी ठेवली, खुर्ची तिरकी सरकवली आणि मागच्या दाराची कडी काढून ठेवली. कॉलिनला पावाची कड आवडत नसे.

रात्री आईने त्याला बोलावून घेतलं. तिचा चेहरा उजळला होता. "आपला कॉलिन येऊन गेला, क्लिफ. गावात कुणी नाही असा दिवस बरोबर गाठलान पोराने."

गावात कुणी नाही असाच दिवस कॉलिनला हवा होता, हे खरंच होतं. खाणकामगारांच्या संपाला आठ महिने झाले असताना तो पोलिसांच्या गाडीत बसून पुन्हा खाणीत कामाला गेला होता. एकूण नऊ दिवस गेला. या गावात संप मोडणाऱ्याला फितूर म्हणत, आणि फितुराला कुणी मारत नसे, शिव्याही फार देत नसे. त्याच्याशी बोलणं बंद होई. शेजारी बोलत नसे, दुकानदार बोलत नसे, सख्खा भाऊ बोलत नसे. चाळीस वर्षांनंतर आजही गावात अशी दोन म्हातारी माणसं होती की ज्यांच्या नमस्काराला कुणी उत्तर देत नव्हतं.

क्लिफर्डने ते चहाचं नाटक एकोणतीस वर्षं केलं. दोन हजार चौदाच्या मार्चमध्ये आई गेली आणि त्याला मनातून सुटल्यासारखं वाटलं, त्याबद्दल लाजही वाटली. त्या जुलैत त्याने या घरात पाऊल टाकलं नाही. रविवारी सकाळी नॉर्माचा फोन आला.

"क्लिफ, तो येऊन गेला रे."

तो धावत आला होता. टेबलावर कप, अर्धा चहा, पावाची कड. मागच्या दाराची कडी काढलेली. कुणाला सांगणार? 'हे मी केलेलं नाही' म्हणावं तर आधीची एकोणतीस वर्षं मीच केलं हे कबूल करावं लागणार. तो गप्प राहिला. पुढच्या वर्षीही कप आला. त्याच्या पुढच्याही. कोरोनाच्या साथीच्या दोन वर्षांत मेळा भरला नाही, तेव्हा कपही आला नाही, आणि त्याचीच त्याला सर्वांत जास्त भीती वाटली. म्हणजे जो कुणी येत होता त्याला गावची खबर होती.

एका वर्षी, साथीच्या आधी, तो मेळ्याला गेला नाही. मागच्या बोळातल्या कोळशाच्या कोठडीत स्टूल टाकून पहाटेपासून अंधार पडेपर्यंत बसला. दार हललं नाही. बोळातून मांजरही गेलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी नॉर्माचा फोन आला: कप आहे. तेव्हापासून क्लिफर्ड या घरात एकटा कधी आला नव्हता. जिवंत भाऊ येत असेल तर तो आपल्या नजरेसमोरून कसा गेला, आणि मेलेला येत असेल तर त्याला काय हवंय, या दोन प्रश्नांनी त्याची झोप उडाली होती. आणि तरीही दर जुलैत तो त्या फोनची वाट पाहायचा. फोन आला की घाबरायचा आणि त्याच घटकेला त्याच्या छातीवरचा दगड उतरायचा.

*

"सही कर म्हणतेस?" तो म्हणाला. "जुलैत मला फोन कुणी केला?"

"क्लिफ, नंतर बोलू."

"नंतर कशाला? आत्ताच बोलू. 'तो येऊन गेला' कोण म्हणालं? आणि आता तोच मेला असं लिहून द्यायचं?"

जनीनने पेन खाली ठेवलं. "एक मिनिट. या घरात कुणी येतं का? कारण तसं असेल तर मला कळायला हवं. कोर्टात शपथेवर सांगावं लागतं की सात वर्षांत काही खबर नाही. समोरच्या बाईंनीही आम्हाला कळवलंय, एकदा उन्हाळ्यात आत हालचाल दिसली म्हणून."

"कधी?" क्लिफर्ड पुढे वाकला. "कोण दिसलं?"

"पडद्याआड सावली, एवढंच."

वर कुठेतरी फळी करकरली. चौघंही क्षणभर वर पाहत राहिली. लिंडसेने स्वेटरच्या बाह्या हातांवर ओढून घेतल्या.

"छपराखाली ओल आली की लाकूड बोलतं," जनीन म्हणाली, पण तिनेही आवाज खाली आणला होता. तिची नजर टेबलावरून फिरत कपापाशी थांबली. तिने तो उचलला, तिरका केला. तळाशी काळी पडलेली चहाची पानं चिकटली होती. "हा कुणाचा?"

"कॉलिनचा," क्लिफर्ड म्हणाला. त्याचं त्यालाच नवल वाटलं, इतकं सरळ उत्तर गेलं. "दर वर्षी येतो. मेळ्याच्या दिवशी येतो, चहा पितो, जातो."

लिंडसे त्याच्याकडे बघतच राहिली. "बाबा, तू हे कधी बोलला नाहीस."

"या वर्षीही?" जनीनने विचारलं.

"या वर्षीही. नॉर्माबरोबर येऊन मी डोळ्यांनी कप पाहिला. पानं ओली होती."

जनीनने कप हळूच बशीत ठेवला. मग कामाच्या सुरात, पण जपून म्हणाली, "मिस्टर स्टॉबर्ट, या घराचं पाणी रस्त्यातून तोडलेलं आहे. दोन हजार सोळा साली पाइप फुटला होता, तेव्हाच. गॅस त्याच्याही आधी. आठ वर्षं या नळाला थेंब नाही."

क्लिफर्ड उठला आणि त्याने नळ फिरवला. नळ कोरडा खरवडला. खोलवर कुठेतरी पाइपात हवा गुरगुरली आणि थांबली. आठ वर्षांतले सगळे कप त्याच्या डोळ्यांपुढून गेले, एकेक करून, प्रत्येकात चहा.

"मग चहा कशाचा?" तो पुटपुटला. "चहा कशाचा होता?"

बाहेर पुन्हा पत्रा वाजला. लिंडसेची नजर नळावरून कपावर गेली, कपावरून टेबलाच्या या टोकाला आली आणि तिथेच थांबली.

"आत्या," ती म्हणाली, "फ्लास्कमधला?"

नॉर्माने फ्लास्कवर दोन्ही हात ठेवले होते, कुणी हिसकावून नेईल असे.

"माझे गुडघे गेले, क्लिफ," ती म्हणाली. "या वर्षी बोळातून इथवर यायला मला पाऊण तास लागला. कप परत न्यायलाही मला पुन्हा येता आलं नाही. पुढच्या वर्षी मला जमणार नाही."

"तू?"

"मी."

"पण मी बसलो होतो. त्या वर्षी दिवसभर कोठडीत बसलो होतो मी!"

"ठाऊक आहे. मेळ्यात झेंड्यामागे तू नव्हतास, तेव्हाच ओळखलं. मी रविवारी आले. कप ठेवला आणि इथूनच तुला फोन केला."

क्लिफर्ड खुर्चीत बसला. एवढी वर्षं तो ज्याला भ्याला होता ती ही बाई होती, टोपी घालून, गुडघे धरून, फ्लास्क काखेला मारून बोळातून येणारी. हसू यावं अशी गोष्ट होती. पण त्याच्या तोंडून आवाज फुटला तो रागाचा.

"का? माझा जीव घेत होतीस तू! आईसाठी मी केलं ते एक वेळ ठीक. मला कशाला फसवलंस? मला काय गरज होती?"

"आईसाठी?" नॉर्माने डोळे पुसले. "अरे वेड्या, आईला पहिल्याच वर्षी कळलं होतं. तू कपात साखर घातली होतीस. तुझ्यासारखी, तीन चमचे. कॉलिन साखर खायचा का कधी?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, 'आपला क्लिफर्ड करतोय हे. करू दे. त्या पोराला बोलता येत नाही, चहा तरी मांडू दे.' तुझ्यासमोर हसायची ती तुला बरं वाटावं म्हणून. एकोणतीस वर्षं हसली. आणि शेवटी दवाखान्यात माझा हात धरून म्हणाली, 'मी गेल्यावर तो कप ठेवणं बंद करील. मग त्याला वाटेल कॉलिन मेला, आणि आपणच त्याला मारलं. तू ठेव, नॉर्मा. क्लिफसाठी ठेव.'"

लिंडसेला हुंदका आला. जनीनने खाली मान घालून फॉर्मच्या कडा जुळवल्या. परक्याच्या घरात असं काही निघालं की काय करायचं हे तिला बहुधा सवयीने ठाऊक झालं असावं.

"म्हणजे," क्लिफर्ड म्हणाला. "म्हणजे तो कधीच आला नाही."

"नाही रे, राजा."

"एकदाही नाही."

"एकदाही नाही."

तेव्हा त्या स्वयंपाकघरात जे पसरलं ते भीतीपेक्षा वाईट होतं. आतापर्यंत घर रिकामं नव्हतं. वर्षातून एक दिवस का होईना, इथे कुणीतरी यायचं. आता कोपऱ्याकोपऱ्यात ओल तेवढी उरली. वरची फळी पुन्हा करकरली आणि या वेळी कुणीही वर पाहिलं नाही. क्लिफर्डला तेच सोसवेना.

"मला वाटायचं तो रागावलाय म्हणून भेटत नाही," तो म्हणाला. "पण येतोय ना, म्हणजे राग निवळेल एखाद्या वर्षी. आता मी कुणाची वाट पाहू?"

नॉर्माने टेबलावरून हात पुढे करून त्याची बोटं धरली. "नको पाहूस. मलाही दमायला झालंय, क्लिफ. इथे कुणाची तरी पोरं धावू देत. खरीखुरी पोरं, पायांनी जिना वाजवणारी."

त्याने मान हलवली. होकार होता की नुसतीच हलली, कुणास ठाऊक. पण त्याने हात पुढे केला आणि जनीनने फॉर्म त्याच्या समोर सरकवला, मग विचार करून परत आपल्याकडे ओढला.

"मी लिहिते, तुम्ही सांगा," ती म्हणाली. "त्यांना शेवटचं कुणी पाहिलं?"

"मी."

"कुठे, कधी?"

"इथेच. नोव्हेंबर चौऱ्याऐंशी, मंगळवार. सकाळी पावणेपाच. तेव्हा मी अजून इथेच राहायचो, खाणीच्या दाराशी संपाच्या पहाऱ्याला निघालो होतो. बुटाच्या नाड्या बांधत होतो."

नॉर्माने मान वर केली. हे तिने कधी ऐकलं नव्हतं. कॉलिन कुणालाही न सांगता गेला असंच घरात सगळे समजून होते.

"तुमचं काही बोलणं झालं?"

"तो बॅग घेऊन खाली आला. तिथे उभा राहिला, दाराशी. म्हणाला, 'क्लिफ, मी आजपासून कामावर जाणार नाही. चुकलं माझं. तू नुसतं थांब म्हण, मी थांबतो.'"

जनीनचं पेन चालत होतं. ते थांबलं. "आणि तुम्ही काय म्हणालात?"

"फितुराशी बोलायचं नाही असं ठरलं होतं," क्लिफर्ड म्हणाला. "माझ्या नाड्या बांधून झाल्या होत्या. मी त्या सोडल्या आणि पुन्हा बांधल्या. मान वर केली नाही. त्याने बराच वेळ वाट पाहिली."

"बाबा," लिंडसे म्हणाली.

"लिहा," तो जनीनला म्हणाला. "भावाने विचारलं, मी उत्तर दिलं नाही."

जनीनने तेवढंच लिहिलं. एकाच ओळीत मावलं ते. खाली रकान्यात बरीच जागा उरली होती. "पुरे एवढं," ती हळू आवाजात म्हणाली. "बाकीचं रिकामं ठेवलं तरी चालतं."

"नाही," क्लिफर्ड म्हणाला. "चालत नाही. लिहा पुढे." त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले, मान वर केली आणि तो बोलू लागला.